डोंगरावरचा गोतावळा : सालईच्या शेजारी मोईच का?

मागच्या अंकात सागाबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं, की कुठलं झाड कुणाच्या शेजारी उगवतं हे समजून घ्यायचं तर नुसती माती आणि पाऊस बघून भागत नाही, त्या झाडांचं एकमेकांशी नातं काय तेही बघावं लागतं. त्या एका वाक्यावर एवढे मेसेज आले की या महिन्याचं सगळं पान त्यालाच दिलंय. प्रश्न जागेसाठी थोडे छाटलेत, नावं टाकलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (चोपडा, शिक्षिका) : मॅडम, होळीच्या आधी आठवीची मुलं घेऊन पालच्या जंगलात गेलो होतो. वर उतारावर, जिथं नुसता मुरूम आणि दगड, तिथं सालई, मोई, काकड अशी बिनपानाची आणि साल खरवडली की चिकट डिंक येणारी झाडं होती. खाली नाल्यात उतरलो तर एकदम हिरवं, जांभूळ, करंज, उंबर, अर्जुनसादडा. सोबतचे वनरक्षक भाऊ म्हणाले, "वरची सगळी एका घरची आहेत." खरंच तसं आहे का? आणि एका घरची झाडं अशी एकत्र का राहतात?

उत्तर : ताई, त्या भाऊंना माझा नमस्कार सांगा, कारण त्यांनी जे म्हटलं ते जवळजवळ पूर्ण खरं आहे. सालई आणि काकड एका कुळातली, बर्सेरेसी म्हणतात त्याला, गुग्गुळपण त्यातलाच. मोई म्हणजे काही गावांत शेमट म्हणतात ती, आंब्याच्या कुळातली, चारोळी आणि बिब्बा तिचे सख्खे. आणि ही दोन कुळं एकमेकांची अगदी जवळची, वंशवृक्षावर शेजारशेजारच्या फांद्या. म्हणजे एका घरची नाही तर एका वाड्यातली म्हणा, मधे एक भिंत.

आता एकत्र का, तर यात पहिली गोष्ट चाळणीची. सातपुड्याचा तो उतार म्हणजे काळा दगड, वर वितभर माती, चार महिने पाऊस आणि मग आठ महिने काहीच नाही, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा जागी बी पडतं शंभर जातींचं, पण टिकतं कोण, तर ज्याला उन्हाळाभर पानं टाकून गप्प उभं राहता येतं, खोडात पाणी धरून ठेवता येतं, जखम झाली की डिंकानं लगेच बुजवता येते. हे गुण एखाद्या झाडानं काल ठरवून कमावलेले नसतात, ते त्याच्या पूर्वजांकडून आलेले असतात, आणि तेच पूर्वज सालईचेही आणि काकडचेही. म्हणून चाळणीतून एक भाऊ पार झाला की दुसरा पार व्हायची शक्यता वाढते. घरातल्या सगळ्यांना तिखट सोसतं तसं. शास्त्रज्ञ याला निश कॉन्झर्वेटिझम म्हणतात, आपण वळण म्हणू, घराण्याचं वळण पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

नाल्याचं उलट आहे. तिथली तुम्ही सांगितलेली चारही नावं घ्या, जांभूळ एका कुळाचं, करंज शेंगांच्या कुळातला, उंबर वडा-पिंपळाचा, अर्जुनसादडा चौथ्याच. चौघं चार गावचे. पाणी आणि गाळ असेल तर चाळणीची भोकं मोठी होतात, वेगवेगळ्या घराण्यातले लोक आत शिरतात, मी तरी तो नाला असाच वाचते.

पण मुलांना हे सांगताना एक गोष्ट त्याच दिवशी दाखवायला हवी होती, पुढच्या वेळी नक्की दाखवा. त्याच उतारावर कांडोळ असतो, पांढऱ्या-गुलाबी सालीचा, बिनपानाचा, फुगीर खोडाचा, लांबून बघितला तर सालईचा मोठा भाऊ वाटेल. तो मात्र वेगळ्याच घरचा आहे, कापसा-भेंडीच्या गोतातला. त्यानं तेच गुण स्वतंत्रपणे कमावलेत. म्हणजे नात्यामुळे सारखेपणा येतो हे खरं, पण सारखा दिसला म्हणजे नातेवाईकच असं धरून चालायचं नाही. आणि याचं सगळ्यात सोपं उदाहरण आपल्या कुंपणावरच आहे. त्रिधारी निवडुंग आणि फड्या निवडुंग, दोघांनाही आपण निवडुंगच म्हणतो ना? त्रिधारीचा तुकडा मोडा (हाताला आणि डोळ्याला लागू देऊ नका), भळाभळा पांढरा चीक येतो, कारण तो शेराचा, एरंडाचा भाऊबंद. फड्याचा तुकडा मोडा, आत हिरवट बुळबुळीत गर, चीक नाहीच, कारण तो अमेरिकेतून आलेला कॅक्टस. कोरडेपणानं दोघांना एकसारखं करून टाकलंय, रक्त वेगळं.

लोकांच्या नावांत मात्र कधीकधी नातं अचूक पकडलेलं असतं, त्याचं मला फार कौतुक आहे. ऐनाला आपल्याकडे सादडा म्हणतात आणि अर्जुनाला अर्जुनसादडा. दोन्ही टर्मिनॅलिया या एकाच जीनसमधली, म्हणजे कुळाच्या आतल्या एका छोट्या गटातली. पुस्तक न उघडता कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं.

प्रश्न (धुळे, एम.एस्सी. विद्यार्थी) : मॅडम, डार्विननं लिहिलंय की जवळच्या जातींमध्ये स्पर्धा सगळ्यात तीव्र असते. मग नात्यातली झाडं एकत्र सापडायलाच नको. पण आम्हाला शिकवलं की नात्यातली झाडं एकत्र सापडतात. दोन्हीपैकी काय लिहायचं?

उत्तर : दोन्ही लिही, पण कुठल्या जागी काय ते कळून लिही, इथंच सगळी मजा आहे आणि इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो.

डार्विनचं म्हणणं 1859 च्या पुस्तकातलं आहे आणि ते आपल्याला कुणी समजवायला नको, भाऊबंदकी हा शब्दच त्यासाठी आहे. एकाच घरातल्यांना तेच शेत हवं, तीच विहीर हवी, म्हणून भांडण बाहेरच्याशी कमी आणि चुलतभावाशी जास्त. झाडांचंही तसंच, मुळं त्याच खोलीवर, फुलायचा महिना तोच, कीड तीच. म्हणजे दोन जोर आहेत आणि ते उलट्या दिशेनं ओढतात. चाळणी नातेवाइकांना एकत्र आणते आणि भाऊबंदकी त्यांना दूर ढकलते. कुठल्या जागी कोण जिंकलं हे त्या जागेवरच्या झाडांचं नातं मोजून बघता येतं.

मोजायचं कसं, तर लग्नाची पंगत डोळ्यासमोर आण. पंगतीतल्या कुठल्याही दोघांना विचारलं की तुमचा सामाईक आजा-पणजा किती पिढ्या मागं, आणि अशा सगळ्या जोड्यांची सरासरी काढली, तर पंगत घरच्यांची आहे की गावजेवण आहे ते कळतं. झाडांसाठी पिढ्यांऐवजी वंशवृक्षावरचं अंतर घेतात. पण नुसत्या सरासरीला अर्थ नाही, ती कशाशी ताडायची? म्हणून त्या भागातल्या सगळ्या जातींच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकायच्या, प्लॉटमध्ये, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या तुकड्यात, जितक्या जाती तितक्या चिठ्ठ्या डोळे मिटून काढायच्या, सरासरी लिहायची, परत टाकायच्या, असं कॉम्प्युटरवर नऊशे-हजार वेळा. आपला खरा प्लॉट या चिठ्ठ्यांपेक्षा जास्त जवळच्यांचा निघाला तर क्लस्टर्ड, जास्त लांबच्यांचा निघाला तर ओव्हरडिस्पर्स्ड. कॅम वेब नावाच्या संशोधकानं 2000 साली बोर्निओतल्या पावसाळी जंगलासाठी ही पद्धत मांडली, 28 छोटे प्लॉट, 324 जातींचा डबा, आणि निघालं काय तर एका प्लॉटमधली झाडं चिठ्ठ्यांच्या हिशेबापेक्षा जास्त नात्यातली. तिथं चाळणी जिंकली.

चार वर्षांनी फ्लोरिडात जीनिन कॅव्हेंडर-बेअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओकच्या 17 जाती घेतल्या आणि बरोबर उलटं सापडलं. ओकमध्ये रेड, व्हाइट आणि लाइव्ह अशी तीन घराणी तिथं आहेत, आणि एका जागी शेजारी कोण, तर वेगवेगळ्या घराण्यातले. प्रत्येक घराण्यात एक कोरड्या रेतीत राहणारा, एक ओलीत राहणारा असे तयार झालेले, म्हणून रेतीवर तीन घरांतले तीन जण भेटतात, सख्खे भाऊ नाही. पण कॅव्हेंडर-बेअर्स यांनीच दुसऱ्या सहकाऱ्यांबरोबर 2006 मध्ये नुसते ओक न घेता त्या भागातली सगळी झाडं-झुडपं डब्यात टाकली आणि प्रदेशही मोठा घेतला तर पुन्हा क्लस्टर्ड. डबा आणि प्रदेश बदलला, उत्तर बदललं. परीक्षेत हे लिहिलंस तर परीक्षकाला कळेल की तुला विषय कळलाय.

हे ओकचं वाचलं तेव्हा मला आपला सातपुडा आठवला होता. टर्मिनॅलियाचे सगळे भाऊ बघ. अर्जुन नाल्याच्या काठाला, मुळं पाण्यात सोडून. बेहडा घळीत, जरा ओलाव्याला. सादडा खोल मातीच्या पट्ट्यात सागाबरोबर. आणि धावडा, ज्याला आधी वेगळ्या जीनसमध्ये ठेवायचे पण डीएनए बघून आता टर्मिनॅलियातच घेतलाय, तो वर दगडात. चार भावांनी एका डोंगराच्या वाटण्या करून घेतल्यात, बांध घातल्यासारख्या. फळं एकदा तळहातावर शेजारी शेजारी ठेवून बघ, सादड्याला आणि अर्जुनाला पाच पंख, अर्जुनाचे जाड आणि अरुंद, सादड्याचे रुंद, बेहडा बिनपंखी गोल सुपारीसारखा, आणि धावड्याची इवली इवली पंखवाली फळं एका गोळ्यात दाटीवाटीनं बसलेली. सादड्याचं पान उलटं करून देठाजवळ बोट फिरव, दोन बारीक उंचवटे लागतील, तशाच गाठी अर्जुनाच्या पानालाही देठाशी असतात. रक्ताची खूण म्हणतात ती ही.

आणि एक सावधगिरी, जी बरेच पेपर लिहिणारेसुद्धा पाळत नव्हते. क्लस्टर्ड दिसलं म्हणजे चाळणीच, असं लगेच म्हणायचं नाही. 2010 मध्ये मार्गारेट मेफील्ड आणि जोनाथन लेव्हाइन यांनी हे नीट दाखवून दिलं. समज सुपीक जमीन आहे, पाणी आहे, आणि एका घराण्यातली सगळी झाडं भराभर उंच होणारी आहेत, तर ती बाकीच्यांवर सावली धरून त्यांना मारून टाकतील आणि मागे उरतील ती सगळी एकमेकांची नातेवाईक. दिसायला क्लस्टर्ड, कारण मात्र स्पर्धा. त्यामुळे वंशवृक्ष हा पुरावा आहे, निकाल नाही. त्याच्या जोडीला पानाची जाडी, लाकडाची घनता, मुळांची खोली हे मोजायलाच लागतं, आणि शक्य असेल तर रोपं लावून प्रयोगही.

वंशवृक्ष आणायचा कुठून असं विचारशील, तर आता ते सोपं झालंय. 1998 पासून फुलझाडांचं, डीएनएवर आधारलेलं एपीजी वर्गीकरण आहे, 2016 ची चौथी आवृत्ती चालू आहे, त्यावरून कुळांचा सांगाडा मिळतो. जातीच्या पातळीवर बारीक हवा तर डीएनए बारकोड, म्हणजे जात ओळखायला वापरतात ते डीएनएचे छोटे तुकडे. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर 50 हेक्टरचा प्लॉट आहे, तिथल्या 296 जातींचा वंशवृक्ष जॉन क्रेस आणि मंडळींनी 2009 मध्ये फक्त तीन छोटे डीएनए तुकडे वाचून बांधला.

प्रश्न (शिरपूर) : सागाचं आणि तुळशीचं नातं आहे असं तुम्ही लिहिलंत, छापण्यात चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. साग आधी निर्गुडी-घाणेरीच्या कुळात धरायचे, आता तुळशीच्या कुळात आहे, आणि निर्गुडीही त्याच्याबरोबर तिकडेच गेली. तुळशीची कोवळी काडी दोन बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागते. मग सागाची कोवळी फांदी बघा, तीही चौकोनी, आणि पानं समोरासमोर.

प्रश्न (यावल, शेतकरी) : ताई, आमचे वडील कपाशीच्या कडेनं अंबाडी आणि भेंडीची एक ओळ लावायचे. आता औषधाच्या दुकानात सांगतात की भेंडी लावली की बोंडअळीला आमंत्रण, लावू नका. वडिलांचं चुकत होतं का?

उत्तर : भाऊ, दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांचं कारण एकच आहे. कापूस, भेंडी, अंबाडी, जास्वंद एका कुळातली. सकाळी कपाशीचं फूल आणि भेंडीचं फूल शेजारी धरा, पाच पाकळ्या, मधून निघालेली केसरांची नळी, फुलाखाली बारीक पानांची जादा झालर, ओळखू येईल. ठिपक्यांच्या बोंडअळीला भेंडीत आणि कपाशीत फरक वाटत नाही, तुडतुड्यालाही नाही. झाडानं पानात जी रसायनं भरलेली असतात ती घराण्यानुसार असतात, आणि अळी पिढ्यान्‌पिढ्या त्या घराण्याचं कुलूप उघडायला शिकलेली असते, ती एका भावाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात सहज जाते, पण शेजारच्या तुरीत किंवा ज्वारीत तिची किल्ली चालत नाही.

तुमच्या वडिलांनी याच गोष्टीचा फायदा घेतला होता. भेंडी अळीला जास्त आवडते, म्हणून आधी तिथं येते, त्याला सापळा पीक म्हणतात आणि कृषी खात्याच्या शिफारशीतही ते आहे. फक्त त्यात एक अट आहे, दर चार-आठ दिवसांनी त्या ओळीतून फिरून किडकी भेंडी, किडके शेंडे तोडून नष्ट करायचे. ते केलं तर सापळा, नाही केलं तर दुकानदार म्हणतो तेच होतं, अळीची नर्सरी. तुम्हाला फिरणं जमणार असेल तर लावा, नसेल तर लावू नका. हाच हिशेब पुढच्या वर्षीच्या पिकालाही लावा, वांग्याच्या जागी टोमॅटो किंवा मिरची घेतली तर आपण पीक बदललं असं वाटतं पण कूळ तेच राहतं, मर रोगाला मातीत घरचं माणूस मिळतं.

मात्र सगळं नात्यावर ढकलू नका. तुमच्या भागात केळीवर जो कुकुंबर मोझॅक व्हायरस येतो त्याला नातंगोतं काही नाही. केळी आणि काकडी एकमेकांपासून बारा कोटी वर्षांहून जास्त काळ वेगळ्या झालेल्या, केळीचे भाऊबंद म्हणजे हळद, आलं, कर्दळ. तरी हा व्हायरस काकडीतून, भोपळ्यातून, टोमॅटोतून माव्यावर बसून केळीत येतो, त्याला हजारावर वनस्पती चालतात. म्हणून केळीच्या बागेत ही पिकं घेऊ नका असं सांगतात ते बरोबरच आहे.

प्रश्न (अक्कलकुवा) : आमच्या मोहाखाली पावसाळ्यात टोळंबीची (मोहाच्याच बियांची) शेकडो रोपं उगवतात, मोठं एकही होत नाही. याचा तुमच्या विषयाशी संबंध आहे का?

उत्तर : आहे, पण आधी दुसरं कारण बघा जे माणसाच्या हातचं आहे. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यात मागच्या वर्षीची रोपं जळतात. मग शेळ्या. हे दोन थांबवल्याशिवाय बाकीचं बोलून उपयोग नाही. निदान एक-दोन मोहांखाली तरी न जाळता झाडून वेचता येईल का, जुनी साडी अंथरून, हे घरात बोलून बघा.

आता विषयाचं. 1970 मध्ये डॅनियल जान्झेन आणि 1971 मध्ये जोसेफ कॉनेल या दोघांनी वेगवेगळं असताना एकच म्हटलं, की आईच्या सावलीत रोप जगत नाही कारण आईवर पोसलेली कीड, बुरशी, बी खाणारे भुंगे सगळे तिथंच बसलेले असतात. लांब जाऊन पडलेलं बी वाचतं. म्हणून जंगलात एका जातीचीच गर्दी होत नाही, मधे दुसऱ्याला जागा मिळते. पुढं ग्रेग गिल्बर्ट आणि वेब यांनी पनामात रोगट पानांवरची बुरशी काढून वेगवेगळ्या झाडांच्या पानांना लावून बघितली, आणि नातं जितकं लांबचं तितकी लागण कमी, असा सरळ उतार मिळाला, 2007 मध्ये ते छापून आलं. म्हणजे आईखाली मावशीचं रोपही सुखात नसतं, परक्याचं असतं. मोहाची रोपं वाचवायची असतील तर टोळंबीचं बी ताजं असतानाच उचलून, ते लवकर मरतं, साग-धावड्याच्या मोकळ्या जागेत नेऊन लावा.

प्रश्न (चाळीसगाव) : गाजरगवत एवढं का माजलं? आणि त्याचा भुंगा सोडला तर तो आपली पिकं खाणार नाही ना?

उत्तर : गाजरगवताची भारतात ठळक नोंद 1955 सालची, पुण्यातली. इथं त्याच्या जीनसमधलं कुणी नव्हतं, म्हणजे त्याला ओळखणारी कीडही नव्हती. डार्विनच्या हे लक्षात आलं होतं, त्यानं उत्तर अमेरिकेत बाहेरून येऊन स्थिरावलेल्या 260 वनस्पतींचा दाखला दिला होता, त्यांच्या 162 जीनसपैकी 100 तिथं मुळात नव्हत्याच. परका माणूस कधीकधी लवकर जम बसवतो कारण त्याची भाऊबंदकी मागे राहिलेली असते. हे सगळीकडे लागू पडतं असं नाही, काही ठिकाणी नात्यातलेच पाहुणे रुजतात, कारण चाळणी त्यांनाच आत घेते, तेच दोन जोर पुन्हा.

भुंग्याची भीती रास्त आहे. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा 1984 मध्ये बंगळुरूला सोडला होता. असा कीटक सोडायच्या आधी त्याला काय काय खायला घालून बघायचं हे वंशवृक्षावरूनच ठरवतात, आधी अगदी जवळचे, मग थोडे लांबचे, मग अगदी परके. गाजरगवताच्या जवळचं पीक म्हणजे सूर्यफूल, आणि नव्वदच्या दशकात काही ठिकाणी हा भुंगा सूर्यफुलावर दिसला म्हणून मोठा वादही झाला होता. कापूस, मका, केळी, ज्वारीला तो धोका नाही. सूर्यफूल अगदी शेजारी असेल तर लक्ष ठेवा.

प्रश्न (पारोळा) : गावाच्या टेकडीवर पाचशे झाडं लावायची ठरवलीयत. नर्सरीतून गुलमोहर, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, काशीद आणि सोनमोहर अशी पाच प्रकारची रोपं मिळणार आहेत. प्रकार पुरेसे आहेत ना?

उत्तर : पाच नावं आहेत, पण घर एकच आहे. पाचही शेंगांच्या कुळातली. वाचून मला खरंच काळजी वाटली म्हणून हा प्रश्न शेवटी ठेवून जरा सविस्तर लिहितेय.

1980 च्या दशकात सुबाभळीचं काय झालं ते जुन्या लोकांना विचारा. सगळीकडे तीच लावली होती, आणि एक इवलीशी उड्या मारणारी कीड, सिलिड, आशियाभर पसरत आपल्याकडे आली, शेंडेच्या शेंडे चिकट होऊन वाळले. ती कीड सुबाभूळ आणि तिचे अगदी जवळचे यांच्यावरच जगते. टेकडीवर सुबाभूळ एकटीच असती तर टेकडी बोडकी झाली असती. नात्याचा पसारा जेवढा मोठा तेवढा एका दणक्यात सगळं जायचा धोका कमी. याला मोजमापही आहे, डॅन फेथनं 1992 मध्ये सुचवलेलं, जाती किती हे न मोजता वंशवृक्षाच्या एकूण किती लांबीच्या फांद्या तुमच्या टेकडीवर आहेत हे मोजायचं. आणि मार्क कॅडोट आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये गवताळ प्लॉटच्या अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब केला तेव्हा दिसलं की नुसत्या जातींच्या आकड्यापेक्षा हे नात्याचं मोजमाप किती चारा उगवेल हे जास्त चांगलं सांगतं.

तुमची टेकडी मी बघितलेली नाही पण पारोळ्याकडचा दगड माहीत आहे, म्हणून हे. शेंगांच्या कुळातले घ्याच, पण आपले, अंजन, खैर, हिवर, पळस. अंजनाचा मी आग्रहच धरते. त्याच्या जीनसमध्ये जगात तो एकटाच आहे, दुसरा भाऊ नाही, आणि धुळे-जळगावच्या उघड्या दगडात तो उभा राहतो हे आपल्या डोळ्यासमोर आहे, जोडपानं असलेलं त्याचं पान एकदा बघितलं की विसरत नाही. बाकी घरं वेगळी घ्या, धावडा, चारोळी, मोई, सालई, कडुनिंब, बोर, टेंभुर्णी, उतरणीला जिथं पाणी जिरतं तिथं मोह आणि उंबर. मोईची तर मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तरी फुटते. आणि एका कुळाची रोपं सलग ओळीत लावू नका, अंजनाशेजारी बोर, बोराशेजारी धावडा असं मिसळून लावा, वर कोरड्यात कोण आणि खाली ओलीत कोण हे मात्र पाळून.

नर्सरीवाल्यांना आत्ताच सांगून ठेवा, अंजन-धावड्याची रोपं ऐनवेळी मिळत नाहीत. आणि खड्डे खणायच्या आधी दोन-चार जण मिळून टेकडीवर एक चक्कर मारा, गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला सोबत घ्या, पळसाचे फुटवे, बोरीची झुडपं, जे जे आपोआप उगवलेलं आहे त्याची नावं तो सांगेल तशी वहीत लिहा, आणि ते उपटू नका. ती यादी मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी प्रत्येकापुढं कूळ लिहून जूनच्या आत परत पाठवते.